फुटाण्याची पुडी आणि बोगस स्वातंत्र्यसैनिक: बीडमधल्या ओळखीच्या कागदांचा इतिहास

मागच्या दिवाळीत गावी जाताना तालुक्याच्या स्टँडबाहेर दहा रुपयांचे फुटाणे घेतले. बसमध्ये ते संपवले आणि सवयीने पुडीचा कागद उलगडून पाहिला. (कागदांवर पीएचडी करणाऱ्या माणसाची ही खोड असते, पुडी वाचल्याशिवाय टाकवत नाही.) आत एका बाईचा फोटो होता, झेरॉक्सवर उमटतो तसा काळपट. शेजारी नाव, जन्मतारीख आणि खाली बारा आकडे. तहसीलसमोरच्या कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत रद्दीत गेली असणार आणि रद्दीतून फुटाणेवाल्याकडे आली असणार. तो कागद खिडकीबाहेर टाकायला हात धजेना. तुकडे करून पर्समध्ये ठेवले आणि घरी गेल्यावर चुलीत घातले.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, ‘ओळखीच्या कागदांचा इतिहास’ म्हणजे तू नेमकं करतेस तरी काय? त्या पुडीमुळे उत्तर देणं सोपं झालं आहे. सरकार गेली दीडशे वर्षं माणसाला एकच प्रश्न विचारत आलं आहे: तू म्हणतोस तो तूच कशावरून? त्यासाठी सही, अंगठा, फोटो, दाखला, प्रतिज्ञापत्र, बुबुळ असं सगळं मागून झालं. ‘ह्या माणसाने आपल्याला जे दिलं, त्याचं पुढे काय होतं?’ हा दुसरा प्रश्न मात्र सरकारने स्वतःला फार उशिरा विचारला. माझ्या जिल्ह्यातल्या, म्हणजे बीडमधल्या, दोन मोठ्या घोटाळ्यांकडे बघितलं की ह्या उशिराची किंमत कळते. त्यातला एक घोटाळा स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा आणि दुसरा पीकविम्याचा.

पण आधी थोडं मागे जाऊ.

नांगर, बांगडी, अंगठा

जुनी मराठी कागदपत्रं पाहिली असतील तर ‘निशाणी नांगर’ हे शब्द तुम्हाला भेटले असतील. लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे कुलकर्णी छोटासा नांगर काढायचा. बाईच्या नावापुढे बांगडी. आता गंमत बघा, नांगर काही ह्या एका माणसाचा नाही, तो साऱ्या कुणब्यांचा. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या कामाचा एवढंच ती निशाणी सांगते. हा माणूस नेमका कोण, हे सांगायला गाव जिवंत असायचं. साक्षीला पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसलेले असताना दुसऱ्याचं नाव सांगून वतन बळकावणं सोपं नव्हतं. अशक्यही नव्हतं म्हणा. बनावट सनदांवरून झालेली भांडणं दप्तरांमध्ये भरपूर आहेत. पण खोटं पकडायला कागदापेक्षा माणसांची आठवण जास्त उपयोगी पडायची.

हे चित्र बदललं ते बंगालमध्ये. १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जंगीपूरला राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सहीबरोबर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने बोटांच्या ठशांची पद्धत तीन ठिकाणी लावली: तुरुंगात, दस्तनोंदणीत आणि पेन्शन वाटताना. पेन्शनर मेला तरी त्याच्या नावाने कुणीतरी येऊन पैसे घेऊन जातो, ही सरकारची डोकेदुखी होती. आजचा ‘हयातीचा दाखला’ त्याच डोकेदुखीतून आला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. तिथे ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांचा मोठा हात होता, नाव मात्र साहेबाचं झालं.

आपल्याकडच्या कागदांवर ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, अशी अक्षरं आली ती ह्याच वाटेने. आता निशाणी एकाच माणसाची झाली आणि गावाची गरज संपली, निदान कागदावर तरी.

ठशांची दुसरी बाजू इथेच सांगून टाकते, कारण ती नेहमी राहून जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांची नोंद आणि हजेरी सुरू केली, पुढे ठसेही आले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही, म्हणजे बीड ज्यात होतं तिथे, ह्याच धर्तीचा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला ह्या जमाती कायद्यातून मोकळ्या झाल्या. मी पारधी वस्त्यांवर जाते तेव्हा नाव-पत्ता विचारलेला कुणालाच आवडत नाही. आधी मला त्याचं आश्चर्य वाटायचं, आता वाटत नाही. ज्यांच्या नावाची नोंद फक्त चौकीत व्हायची, त्यांना ‘माहिती द्या, तुमच्याच फायद्याची आहे’ हे पटायला वेळ लागणारच.

१९७२: एकाच वर्षी दोन याद्या

१९७२ हे वर्ष बीडमधल्या म्हाताऱ्या माणसांना दुष्काळाचं म्हणून आठवतं. खडी फोडायची कामं, सुकडी, हजेरीपट. ह्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. हजेरीपटावर कामावर नसलेल्यांची नावं आणि भलत्याचेच अंगठे, ही तक्रार त्या योजनेइतकीच जुनी आहे.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याची २५ वर्षं पूर्ण होताना, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली. १९८० मध्ये ती वाढवून तिला ‘सन्मान’ हे नाव दिलं. राज्य सरकारचीही स्वतंत्र योजना होती. कल्पनेत काहीच वावगं नव्हतं. ज्यांनी तुरुंग भोगला, घरदार सोडलं, त्यांना म्हातारपणी आधार मिळावा, एवढंच.

मराठवाड्याची गोष्ट मात्र जरा वेगळी होती. इथला लढा निजामाविरुद्धचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, १३ ला सुरू झालेली आणि १७ ला संपलेली. त्यातले बरेचसे कार्यकर्ते भूमिगत होते. संस्थानाच्या हद्दीबाहेर, बार्शीसारख्या ठिकाणी, सरहद्दीवरचे कॅम्प होते. तिथून आत येऊन नाकी, चावड्या, शिंदीची झाडं असं काय काय उद्ध्वस्त करायचं आणि परत जायचं. आता विचार करा, अशा माणसाचा पुरावा कुठे सापडणार? तुरुंगात गेलेल्याचं नाव तुरुंगाच्या रजिस्टरला असतं. जो पकडला गेलाच नाही, त्याचं नाव कुठेच नसतं. नाव कुठे नव्हतं म्हणूनच तो वाचला. भूमिगताचं यश म्हणजेच त्याचा कोरा कागद.

सरकारने ह्यावर तोडगा काढला, आणि तो जुन्या गावपद्धतीसारखाच होता: माणसाची साक्ष. राज्याच्या ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयात भूमिगतांसाठी अटी घातलेल्या आहेत. ज्यांनी स्वतः तुरुंग भोगला किंवा जे फरारी जाहीर झाले होते, अशा त्याच भागातल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रं अर्जासोबत हवीत. अर्ज जिल्हा गौरव समितीकडे जायचा, तिथून शिफारस होऊन वर. म्हणजे कोरा कागद भरायचा अधिकार मोजक्या माणसांच्या हातात आला. गावाची साक्ष खुली असते, सगळ्यांसमोर होते. ही साक्ष बंद लिफाफ्यातून जायची. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे जे झालं ते बीडकरांना माहीत आहे. जिल्ह्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत भलतीच नावं असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. तिथून ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये निकाल आला. भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत सापडतो आणि ‘फसवणूक म्हणजे काय’ हे सांगताना आजही त्याचा आधार घेतला जातो. जे लढ्याच्या वेळी जन्मलेलेसुद्धा नव्हते किंवा रांगत होते, अशांनीही सन्मानपत्रं मिळवल्याबद्दल न्यायालयाने त्यात संताप व्यक्त केला आहे. चौकशी न्यायमूर्ती ए. बी. पालकर आयोगाकडे गेली. आयोगाने जिल्ह्यातली सुमारे साडेतीनशे प्रकरणं तपासली. त्यातली तीनशेच्या आसपास बोगस निघाली.

वर्तमानपत्रांनी ह्यातला बोगसांचा आकडा उचलला, ते साहजिकच होतं. मी मात्र उरलेल्यांचा विचार करत बसते. साडेतीनशेतून तीनशे गेले की पन्नासेक उरतात. हे पन्नास खरे होते. ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यांना काठी टेकत येऊन आपण चोर नाही हे सिद्ध करावं लागलं, तेही ज्या काळात सोबतचे साक्षीदार एकेक करून गेलेले. निजामाच्या पोलिसांपासून लपवलेलं नाव आता आपल्याच सरकारला पुराव्यानिशी दाखवायचं होतं.

तुम्ही म्हणाल, ह्यात ओळखचोरी कुठे आली? कुणी दुसऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बरोबर आहे, बहुतेकांनी स्वतःच्याच नावाने अर्ज केले. चोरलं ते दुसऱ्याचं आयुष्य, एका न सापडणाऱ्या माणसाचा भूतकाळ. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तोतयेगिरीचं कलम होतं, ४१६. त्यातली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत: एकजण त्याच नावाचा श्रीमंत सावकार असल्याचं भासवतो, दुसरा मेलेल्या माणसाचं सोंग घेतो. ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो की काल्पनिक, गुन्हा तोच, असंही कलम सांगतं. दीडशे वर्षांपूर्वी कलम लिहिणाऱ्याला हे सुचलं होतं. पेन्शनचे नियम लिहिणाऱ्याला बहुधा सुचलं नाही.

अजून एक गोष्ट. हे सगळं बाहेर आलं कसं? कुठल्या यंत्राने नाही, संगणकाने तर नाहीच. ‘अमुक माणूस तेव्हा तिसरीत होता, आमच्याच वर्गात’ हे सांगणारी माणसं जिवंत होती आणि यादीत कुणाचं नाव आहे हे त्यांना कळू शकत होतं, म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बोटं झिजली की

मधला काळ भराभर सांगते. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, मतदाराला फोटोचं ओळखपत्र आलं. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. त्यात २००८ साली दुरुस्ती होऊन ‘६६ क’ हे कलम आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची इतर खूण कपटाने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ओळखचोरीला आपल्या कायद्यात स्वतःचं नाव मिळालं ते असं. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पहिलं आधार दिलं गेलं. बोगस माणूस कायमचा संपवायचा हा त्यामागचा मोठा दावा होता. दहा बोटं, दोन बुबुळं, एक चेहरा. एका माणसाला एकच नंबर.

बीडमध्ये ह्या दाव्याची गाठ ऊसतोडीशी पडली.

बाहेरच्या वाचकांसाठी: दिवाळीच्या आगेमागे ह्या जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळा लागता लागता परततात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. वर्षानुवर्षं कोयता धरून, उसाचं पाचट ओढून, मोळ्या बांधून हाताची कातडी जाड होते आणि बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, जुळत नाही. माझ्या आजीचा अंगठा असाच होता. दुकानदार म्हणायचा, ‘आजी, हात धुऊन या.’ आजी हात धुऊन यायची. मग तेल लावून. मग दुसऱ्या बोटाने. एकदा ती वैतागून म्हणाली, ‘मी हितंच हाय की रं, मला बघ ना!’ दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखत होता. पण आता त्याच्या ओळखीला किंमत नव्हती.

हर्शेलने गावाला बाजूला सारून अंगठा आणला, असं मी वर म्हटलं. त्याचा शेवट हा असा. दुकानदार, आजी, अंगठा, तिघं एकाच ठिकाणी आहेत आणि आजी मात्र सिद्ध होत नाही. ओटीपी, बुबुळ, चेहरा असे पर्याय पुढे आले. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे कारखान्याच्या गावीही धान्य घेता येऊ लागलं, आणि ह्या गोष्टीने फडावरच्या बायांना खरोखरच फरक पडला. तरी ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो.

आणि ठसा चोरता येत नाही, हेही खरं ठरलं नाही. २०१८ मध्ये तेलंगणात पेद्दापल्ली जिल्ह्यात एकाने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे घेऊन त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यावर हजारो सिमकार्डं चालू केली. पुढे इतर राज्यांत अशाच ठशांनी आधारवरून बँकेतले पैसे काढल्याचे गुन्हे दाखल झाले. तोतया पेन्शनर आणि खोटे दस्त रोखायला सरकारने माणसाचा अंगठा कागदावर घेतला होता, आणि दीडशे वर्षांनी चोराने नेमका तोच कागद उघडला. पेद्दापल्ली जुन्या हैदराबाद संस्थानातलंच, हे मला उगीचच टोचतं. पासवर्ड गेला तर बदलता येतो. अंगठ्याचं काय करणार? आता आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, जिवंत बोट ओळखायची तपासणी आहे, काही राज्यांनी दस्तांवरचे ठसे झाकायला घेतले आहेत. हे सगळं चोरीनंतरचं शहाणपण.

झेरॉक्सचीही एक छोटी कथा आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. दोन दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो, नेहमीची खबरदारी घ्या म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ते मागे घेतलेलं पत्रक जास्त खरं होतं. अडचण एवढीच की ते खरं मानलं असतं तर तहसील, बँक, शाळा, सगळ्यांची खिडकी त्याच दिवशी बंद पडली असती, कारण प्रत्येक खिडकीवर पहिला शब्द ऐकू येतो तो ‘झेरॉक्स जोडली का?’

एक रुपया आणि चाळीस रुपये

आता दुसरा घोटाळा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा मिळू लागला. अर्ज सामुदायिक सेवा केंद्रावर भरायचा, म्हणजे गावातल्या ‘ऑनलाइन’वाल्याकडे. लागायचं काय? सातबारा, आधार, पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र. जमीन दुसऱ्याची असेल तर भाडेकरार. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा आणि केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळायचे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. अर्ज खरा की खोटा, चाळीस रुपये तेवढेच. सातबारा तर ऑनलाइन कुणालाही दिसतो, नाव, गट नंबर, क्षेत्र सगळं. केंद्रचालकाच्या कॉम्प्युटरवर गावातल्या शेकडो लोकांची आधार आणि पासबुकं आधीच्या कामांमुळे पडलेली असतात. कुणाची जमीन, कुणाचं खातं, कुणाचा नंबर, हे जुळवायला किती वेळ लागतो? व्हायचं तेच झालं. सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर विमे उतरवले गेले. पीक नसलेल्या रानात पीक दाखवलं गेलं. एका जिल्ह्यात बसून दुसऱ्या जिल्ह्यातल्या जमिनीचा विमा काढला गेला. बाद झालेले अर्ज लाखांच्या घरात होते. कारवाई झालेल्या केंद्रांत बीड जिल्ह्यातली केंद्रंही होती आणि ‘बीड पॅटर्न’ हा शब्द, जो काही वर्षांपूर्वी विम्यातला नफा-तोटा वाटून घेण्याच्या चांगल्या सूत्रासाठी वापरला जायचा, तो टोमण्यासारखा वापरला जाऊ लागला. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि शेतकऱ्याच्या माथी पुन्हा पूर्वीसारखा हप्ता आला.

पेन्शनच्या प्रकरणाशी ह्याचं साम्य मला थक्क करतं. दोन्हीकडे सरकारने अर्जदारावर संशय घेतला आणि मधल्या माणसावर विश्वास टाकला. तिथे शिफारस देणारा, इथे केंद्रचालक. आणि दोन्हीकडे चोरी पकडल्यावर उपाय म्हणून पुन्हा अर्जदाराकडेच आणखी कागद मागितले. पीकविम्याच्या गोंधळानंतर काय आलं? फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. त्यात सातबारा आधारला जोडायचा. खोट्या अर्जाला त्याने आळा बसेल, हे मी नाकारत नाही, बसेलच बहुधा. पण तो काढायला आमच्या गावातली माणसं गेली कुठे? त्याच ‘ऑनलाइन’वाल्याकडे.

पुडीवर कुठला कायदा लागतो?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: दिलेल्या माहितीचं पुढे काय?

२०१७ मध्ये सरकारनेच संसदेत मान्य केलं की सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लोकांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडलेले सापडले. चोराने फोडलेले नाहीत, खात्यांनी लाभार्थ्यांच्या याद्या म्हणून स्वतःच लावलेले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, एक बारीक पण मोठी दुरुस्ती सुचवली गेली. तोपर्यंत आधारची माहिती फुटली तर न्यायालयात तक्रार फक्त प्राधिकरणच करू शकत होतं. ज्याची माहिती फुटली तो नाही! तो हक्क माणसालाही मिळायला हवा, असं निकालाने सांगितलं. म्हणजे तोवर तुमच्या घरी चोरी झाली तर फिर्याद द्यायचा अधिकार कुलूप बनवणाऱ्याकडे होता.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने आहेत, म्हणजे मे २०२७ उजाडेल. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तो दंड जातो सरकारी तिजोरीत. जिची माहिती गेली त्या बाईला ह्या कायद्यात भरपाई नाही, उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं जे एक कलम होतं तेही ह्या कायद्याने वगळायचं ठरवलं आहे. अनुदान, दाखले, परवाने देताना सरकारला काही अटींवर वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरता येते, अशीही सवलत आहे.

आणि फुटाण्याची पुडी? कायद्याच्या नावात पहिलाच शब्द ‘डिजिटल’ आहे. माहिती डिजिटल स्वरूपात घेतलेली हवी किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेली. झेरॉक्स म्हणजे कागद. तो स्कॅन झाला तर कायदा लागू, त्याची पुडी झाली तर नाही. आधार कायद्यात क्रमांक जाहीर करायला मनाई आहे, पण फुटाणे बांधणं म्हणजे ‘जाहीर करणं’ का, ह्यावर माझ्या एका वकील मैत्रिणीने हसून चहा मागवला.

आता तो मघाचा मुद्दा. ह्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी त्या कलमातच सोय होती की मोठं जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल. आता ते कलम सरळ म्हणतं, वैयक्तिक माहिती द्यायचं बंधन नाही. जनहिताचं दुसरं एक कलम, ८(२), अजून आहे. पण तालुक्याच्या कार्यालयात अर्ज नाकारणाऱ्या बाबूला पहिलं कलम पाठ असेल की दुसरं, हे तुम्हीच सांगा. बीडचे बोगस स्वातंत्र्यसैनिक सापडले ते यादीतली नावं लोकांना कळली म्हणून. उद्या अशी यादी कुणी मागितली आणि ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर आलं तर?

इथे मी स्वतःच अडकते. बसमधल्या त्या पुडीवरच्या बाईचा नंबर कुणालाही दिसू नये असं मला वाटतं. आणि सरकारी पैसा कुणाच्या नावावर गेला ते गावाला दिसावं, असंही वाटतं. माझ्या मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे: नाव, गाव, रक्कम उघडी ठेवा, नंबर, खातं, अंगठा झाका. ऐकायला सोपं आहे. २१० संकेतस्थळांनी सगळंच उघडं टाकलं होतं, आता सगळंच झाकायकडे कल आहे. मधलं काही करायला प्रत्येक यादी हातात घेऊन बसावं लागतं आणि तेवढा वेळ कुणाकडे नाही.

पुढच्या लेखात सरहद्दीवरच्या कॅम्पांबद्दल लिहिणार आहे. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचं सन्मानपत्र, तुरुंगाचा दाखला, कुणाला दिलेल्या शिफारशीची प्रत असं काही असेल तर जरूर कळवा. फक्त त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. गाव सांगा, मी येऊन तिथेच बसून वाचेन. झेरॉक्स तर मुळीच काढू नका.